बालवाडीतला मुक्काम

३ जानेवारी

आजपासून आम्ही एका बंद पडलेल्या बालवाडीत राहतो. मी, ही, आमचा पोपट आणि खालच्या मावशी. पोपट म्हणजे आमची मुलगी, वय बारा. एकदा ऐकलं की धडाधड म्हणून दाखवते, म्हणून लहानपणी हे नाव पडलं ते पडलंच. खालच्या मावशी आमच्या इमारतीत बरोबर आमच्या खाली राहतात, शाळांचे गणवेश शिवतात. आता त्या खाली नाहीत, खेळण्यांच्या कपाटापलीकडे आहेत, पण नाव काही बदललं नाही.

इथलं सगळं तीन फुटी माणसांसाठी बनवलेलं. बेसिन गुडघ्याला लागतं. आरशात फक्त माझं पोट दिसतं. संडासात बसायचं म्हणजे कसरत, आणि उठायचं म्हणजे त्याहून मोठी. कपड्यांच्या खुंट्या कमरेएवढ्या उंचीवर, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. पोपटाने वाटणी केली. आईला छत्री, मावशींना बदक, स्वतःला कासव आणि मला गाढव. सगळे हसले. मीही हसलो.

ही वही कामाची आहे. पुढून कोणाचा नळ, कोणाची टाकी. मागून हे लिहितो. लिहायची सवय नाही, पण बोलायची सोय राहिलेली नाही.

झालं ते थोडक्यात असं. अठरा डिसेंबरला मावशींच्या शिवणाच्या खोलीचं छत कोसळलं. त्या मशीनवर बसल्या होत्या. उजवं मनगट दोन जागी मोडलं. पाणी आमच्या न्हाणीघरातून झिरपत होतं, कित्येक महिने. इंजिनिअरने दोन्ही घरं बंद केली, दुरुस्तीला तीन महिने सांगितले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ओळखीपाळखीने ही जागा मिळवून दिली.

मी प्लंबर आहे. वीस वर्षं लोकांच्या गळत्या शोधतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडा तरी कुठला म्हणा.

५ जानेवारी

दोन दिवस सामान लावण्यात गेले. मोठी खोली मधोमध कपाटं लावून दुभागली. अलीकडे आम्ही, पलीकडे मावशी. जेवायला बसतो ते मुलांच्या छोट्या टेबलांवर, गुडघे कानाला लावून. हिने पहिल्याच दिवशी फरशी तीनदा पुसली. ही वीज कंपनीत फोनवर तक्रारी घेते. दिवसभर लोकांचं ऐकते, म्हणून घरी आल्यावर तिला कोणाची कुरकुर चालत नाही, आणि ती स्वतःही करत नाही. सध्या ती कुरकुर करेल तर बरं, असं मला वाटतं.

मावशी कपाटापलीकडून म्हणाल्या, "मिस्त्री, तू रात्री दात खातोस रे. वरून कळायचं नाही, इथे कळतं."

"वरून काय काय कळायचं, मावशी?" हिने विचारलं.

"सगळं. कोण उठलं, कोणी बादली भरली, पोपट किती वाजता पाठांतर करते. बारा वर्षं तुमच्या खाली काढली. तुमच्या घरात चमचा पडला तरी मला कुठल्या खोलीत पडला ते सांगता येईल."

सगळे हसले. मी नळाखाली हात धुवायला गेलो.

९ जानेवारी

आज बेसिनं उचलली. भिंतीला नवे ब्रॅकेट ठोकले, पाइप वाढवले. मावशींच्या बाजूचं बेसिन त्यांच्या डाव्या हाताला सोपं पडेल असं बसवलं, आणि नळाला लांब दांडी लावली, कोपरानेसुद्धा उघडता येते. त्या दांडीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "असा जावई मिळणार असेल, तर मला एखादी मुलगी हवी होती बरं." सेक्रेटरी बघायला आले होते. म्हणाले, "मिस्त्री म्हणजे देवमाणूस. स्वतःवर एवढं आलंय, तरी बघा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिहिलंच पाहिजे. सगळ्यांना जे माहीत आहे ते असं. ऑक्टोबरात मावशींच्या छताला ओल दिसली. त्यांनी मला सांगितलं, मी सेक्रेटरींसमोर रंगाची परीक्षा केली. न्हाणीघरातल्या पाणी जायच्या जाळीत लाल रंगाचं पाणी ओतायचं. दोन दिवसांत खालच्या छतावर लाल उमटलं तर गळती तिथलीच. मी आणि सेक्रेटरी खाली मावशींच्या छताकडे बघत उभे, वर पोपट रंग ओतणार. रंग उमटला नाही. गळती आमची नाही, असं ठरलं. मग डिसेंबरात छत पडलं, आणि कळलं की पोरीने रंग न्हाणीघरात ओतायच्या ऐवजी चुकून मागच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या मोरीत ओतला होता. लहान आहे, विसरली, जाऊ दे. सगळ्यांनी तिला माफ केलं. मावशींनी प्लॅस्टरमधल्या हाताने तिला जवळ घेतलं.

खरं असं आहे. पोर विसरली नव्हती. मोरीत ओत म्हणून तिला मी सांगितलं होतं.

११ जानेवारी

परवा तेवढं लिहून वही मिटली. आज पुढचं.

न्हाणीघरातली फरशी नवी आहे. अकरा वर्षं ही करड्या, फुटक्या फरशीवर अंघोळ करत होती. मागच्या वर्षी पांढरी फरशी घातली, तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवली. फरशीवाल्याच्या हातोडीने जाळीखालचा सांधा हलला. मला आठवड्यात कळलं, जाळीभोवतीची पांढरी रेघ काळी पडायला लागली म्हणून. सांधा बदलायचा तर चार फरश्या फोडाव्या लागणार. तसल्या फरश्या आता दुकानात नाहीत. मग ठिगळ दिसलं असतं. म्हटलं, सुट्टीत बघू. कडेने पुट्टी चेपली. सुट्टी आली आणि गेली.

परीक्षेच्या दिवशी मला माहीत होतं की न्हाणीघरात रंग ओतला तर दोन तासांत खाली लाल दिसेल. पोपटाला म्हणालो, "मागच्या मोरीत ओत. न्हाणीघरात ओतलास तर फरशी लाल होईल, आई जीव घेईल." ती म्हणाली, "पण गळतंय तर न्हाणीघरात ना, बाबा?" मी म्हणालो, "सांगितलं तेवढं कर."

डिसेंबरात दवाखान्याच्या व्हरांड्यात सेक्रेटरींनी विचारलं, "मिस्त्री, पाणी कुठेतरी मुरतंय. रंग नक्की न्हाणीघरातच टाकला होता ना?" मी तोंड उघडायच्या आत पोपट म्हणाली, "नाही, मोरीत."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मोरीत? अगं, मी तुला न्हाणीघरात सांगितलं होतं! विसरलीस का?"

ठरवून बोललो नाही. पण बोललो ते अगदी खऱ्या बापासारखा आवाज काढून, रागावून. पोपटाने वर पाहिलं. क्षणभर. मग म्हणाली, "हो का?"

तेवढंच. त्याबद्दल नंतर एका शब्दाने बोललेली नाही. बारा वर्षांची पोर, पण बापाची झाकली मूठ तिने उघडली नाही. मला तिच्यापुढे लाज वाटते आणि तिचा अभिमानही वाटतो. दोन्ही एका वेळी वाटणं फार वाईट.

१७ जानेवारी

पोपट इथे आल्यापासून भारी शिस्तीची झाली आहे. एक छोटी डायरी केली आहे तिने. हिने दुकानातून साबण आणायला सांगितला तर लिहून घेते आणि वाचून दाखवते. "एक साबण, निळा, मोठा. बरोबर?" बरोबर म्हटलं तरी म्हणते, "इथे सही कर." ही हसत हसत सही करते. मावशी डाव्या हाताने वेडीवाकडी सही करतात, म्हणतात, "बाई, बँकेत तरी एवढं विचारत नाहीत."

घरातून निघताना गॅस बंद आहे का ते तीनदा बघते. परवा शाळेच्या वाटेवरून परत आली, नळ बंद केला होता का बघायला. नळ बंदच होता.

माझ्यावर गेली म्हणायची. चांगला प्लंबरसुद्धा नळ तीनदा बघतो. संध्याकाळी तिला एकटीला गाठून मी तिला आवडतं ते मोठं चॉकलेट दिलं आणि डोळा मारला. म्हणजे, तुझे उपकार माझ्या लक्षात आहेत. तिने चॉकलेट घेतलं, पण विचारलं, "कशाबद्दल?"

"असंच गं. गप्प राहिल्याबद्दल."

 मग तिने चॉकलेटचे चार तुकडे केले आणि सगळ्यात मोठा मावशींना नेऊन दिला. नाटकातली आहे पोर. शाळेच्या नाटकात यंदा मुख्य काम तिचं आहे, एका म्हाताऱ्या घड्याळजीचं. तोंडावर काही दिसू देत नाही.

२२ जानेवारी

काही विशेष नाही. मुलांच्या संडासांपैकी एकाची उंची वाढवली. सोसायटीतल्या दोघांचे नळ फुकट दुरुस्त करून दिले. सध्या कोणी हाक मारली की मी पळतो. ही म्हणाली, "अहो, जरा बसा की. कोणी तुमच्या मागे लागलंय का?"

२५ जानेवारी

पोपट शाळेतून आली की मावशींच्या बाजूला जाते. त्यांची वेणी घालते, भांडी घासते, सुईत दोरा ओवून ठेवते. मावशींना अजून शिवता येत नाही, तरी दहा सुया ओवून ओळीने टोचून ठेवल्या आहेत. शाळेची सहल होती, गेली नाही. म्हणाली, मावशींना औषध कोण देणार. मी म्हणालो, मी देईन. तर म्हणाली, "तू देशील ना? लिहून ठेवू?"

मला वाटतं, ती माझ्या वाटणीचं करते आहे. मी मान खाली घालून बेसिनं उचलतो, ती मान खाली घालून भांडी घासते. बापलेकीचं जमलं आहे म्हणायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं काय म्हणू.

३१ जानेवारी

आज घरी न्हाणीघर फोडायचं होतं. सेक्रेटरी नऊला येणार होते. मी सातला गेलो.

कारण पुट्टी. जाळी उचलली की सांध्याभोवती ऑक्टोबराच्या आधीची पुट्टी दिसणार, आणि पुट्टी आपोआप उगवत नाही. कोणालाही कळलं असतं की मिस्त्रीला आधीपासून माहीत होतं. छन्नीने चार पांढऱ्या फरश्या फोडल्या. हिने इतक्या हौसेने घातलेल्या, पण पहिला घाव घालताना काही वाटलं नाही. मग गुडघ्यावर बसून तासभर पुट्टी खरवडली. तुकडे पिशवीत भरले, पिशवी खिशात. खालच्या शिवणाच्या खोलीत छताचं भोक तसंच आहे. मावशींचं मशीन प्लॅस्टिकखाली झाकलेलं दिसत होतं.

नऊला सेक्रेटरी आले, वाकून बघितलं, म्हणाले, "हा सांधा गेलेलाच होता की हो. पोरीने रंग इथे ओतला असता तर तेव्हाच कळलं असतं."

"हो ना," मी म्हणालो.

मी "हो ना" म्हणालो.

वाटेत पुलावरून पिशवी टाकून दिली. बालवाडीत परत आल्यावर मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं. नखात पांढरं अडकलं होतं. म्हणाल्या, "आज लवकर गेलास."

"काम होतं."

"होतंच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाव्या हाताने बटणं निवडायला लागल्या.

१ फेब्रुवारी

काल दुपारीच सांधा नवा बसवला. पाणी भरून चोवीस तास ठेवलं. थेंब नाही. माझ्या मते आता फिटंफाट झाली. छत होईल, मावशींचा हात जुळेल, मार्चात सगळे आपापल्या घरी जाऊ. पोपट मोठी होईल, तेव्हा एखाद्या दिवशी आम्ही दोघं हसूसुद्धा यावर. माणूस असा आहे, की अंगावरचा डाग धुतला नाही तरी शर्ट बदलून समाधान मानतो.

४ फेब्रुवारी

मावशींचं प्लॅस्टर काढलं. मनगट हडकुळं आणि पिवळं झालं आहे. मूठ वळत नाही. अंगठा आणि बोटांच्या मध्ये कात्री धरवत नाही. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, चार महिने, सहा महिने, बघू. मावशी "बघू" म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी पोपटाला हाक मारली. कापड अंथरलं होतं, खडूने खुणा केलेल्या. "ये, मी सांगते तसं काप. माझा हात तू हो. सरळ रेघेवरून जायचं, बस्स."

पोपटाने कात्री घेतली. कापडाजवळ नेली. आणि पुन्हा मागे घेतली. मी कपाटाच्या फटीतून बघत होतो. ती म्हणाली, "मावशी, नको. माझ्याकडून चुकेल."

"अगं, रेघ आहे ना समोर."

"रेघ असते, पण मला वाटतं एक आणि असतं दुसरंच." मग कात्री ठेवून रडायला लागली. मोठ्याने नाही. मावशींनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून कपाटाच्या फटीकडे पाहिलं. मी मागे सरलो. त्यांना मी दिसलो की नाही, माहीत नाही.

पोर थकली असेल. शाळा, घरकाम, नाटक. ही म्हणाली डोळे तपासून आणू. उद्या नेते.

५ फेब्रुवारी

डोळे उत्तम आहेत. लांबचं, जवळचं, सगळं.

७ फेब्रुवारी

आज पोपटाच्या बाईंनी शाळेत बोलावलं. हिला सुट्टी नव्हती, मी गेलो. त्यांच्या स्टाफरूमचा नळ गळत होता. सवयीने हात गेला, पण बाई म्हणाल्या, "राहू दे हो. बसा."

म्हणाल्या, पोपटाने नाटक सोडलं. पंधरा पानं तोंडपाठ होती तिची, इतरांचीसुद्धा. कोणी अडलं की हीच मागून सांगायची. जानेवारीत एके दिवशी म्हणाली, माझ्या काही लक्षात राहत नाही, दुसरीला द्या.

"मी म्हटलं, म्हणून तर दाखव. खडाखड म्हणून दाखवलं, एक शब्द चुकला नाही. तरी म्हणते, हे बरोबर आहे असं मला वाटतं, पण मला वाटतं त्यावर जाऊ नका. ऐन वेळी मी भलतंच करीन आणि कोणाला तरी लागेल." बाई हसल्या. "नाटकात कोणाला काय लागणार? घरी काही झालंय का?"

मी म्हणालो, "घर बदललंय ना, तात्पुरतं. मुलांना त्रास होतो."

"होतो," बाई म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालं नाही, ते दिसलं.

शाळेच्या फाटकापर्यंत आलो आणि तिथेच कट्ट्यावर बसलो. अर्धा तास बसलो असेन.

मला वाटत होतं पोर मला झाकते आहे. ती झाकत नव्हती. तिने माझं खरं मानलं. तिला मोरी आठवत होती, माझे शब्द आठवत होते, फरशी लाल होईल, आई जीव घेईल, हे सगळं आठवत होतं. आणि बाप म्हणाला, तू विसरलीस. तिने दोन्ही तोलून पाहिलं आणि बापाच्या पारड्यात टाकलं. तेव्हापासून तिचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा उरलेला नाही. मावशींचा हात माझ्या पोरीने मोडला, असं माझी पोर मानते. साबण निळा की हिरवा, यावर सह्या घेत फिरते.

आणि मी तिला चॉकलेट दिलं. गप्प राहिल्याबद्दल.

८ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवलं होतं. जेवायला सगळे बसल्यावर घसा खाकरला. ही म्हणाली, "काय हो?" मी म्हणालो, "टाकी साफ करायला हवी." मग दहा मिनिटं टाकी, गाळ आणि झाकण यावर बोललो. इतका वेळ मी कधीच बोलत नाही. पोपटाने "पुढच्या शनिवारी टाकी" असं लिहून घेतलं आणि माझ्यापुढे सहीला धरलं. मी सही केली.

भित्रा माणूस भित्राच. हिला काय वाटेल, सेक्रेटरींना काय वाटेल, पुढे कामं कोण देईल, हे सगळं मनात येतं. तेही लिहितो. पोरीपुढे हे आठवतं, याची लाज वेगळी.

९ फेब्रुवारी

रविवार. सकाळी ऊन आत आलं होतं. ही केस वाळवत होती, मावशी टेबलापाशी गरम पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बोटं वळवत होत्या. पोपट शेजारी बसून मोजत होती, एक, दोन, तीन.

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर पुन्हा टाकीवर गेलो असतो.

म्हणालो, "रंग मोरीत ओत म्हणून मी सांगितलं होतं. पोपट विसरली नव्हती. गळती आपली आहे ते मला आधीच माहीत होतं. फरशी फोडायला लागू नये म्हणून मी तिला मोरीत ओतायला लावलं. आणि दवाखान्यात खोटं बोललो. मागच्या आठवड्यात लवकर जाऊन पुट्टी काढली ती त्याचसाठी."

एवढं एका दमात. 

ही कंगवा हातात धरून उभी होती. फरशीबद्दल ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "पोरीवर ढकललंत?"

मी होकारार्थी मान हलवली.

"इतके दिवस मी हिला समजावतेय, बाळा, चुका होतात, आई रागावली नाही. रोज झोपताना सांगतेय. आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होतात?"

"हो."

तिने कंगवा टेबलावर ठेवला आणि अंगणात निघून गेली. तिला रडताना कोणी बघितलेलं चालत नाही.

मी मावशींपुढे गुडघ्यावर बसलो. म्हणालो, "तुमच्या हाताचं मी काय करू, मावशी?"

त्या म्हणाल्या, "मला त्याच दिवशी माहीत होतं. सेक्रेटरी आणि तू छताकडे बघत होतात. मी ऐकत होते. तू वर हाक मारलीस, ओत गं, आणि पाणी माझ्या स्वयंपाकघरामागच्या पाइपातून गेलं. मोरीचं पाणी तिथूनच जातं. बारा वर्षं ऐकतेय."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"सेक्रेटरींसमोर तुझी अब्रू कशाला घालवू? म्हटलं, कळलंय त्याला, करेल गुपचूप दुरुस्त. दोन महिने वाट बघितली. रोज वर बघायची, ओल किती वाढली." त्यांनी पाण्यातून हात काढला. "पोरीवर घातलंस ते सेक्रेटरींनी मला नंतर सांगितलं. म्हटलं, आता तरी बोलेल. मी बोलले असते तर तू नुसता सापडला असतास, कबूल केलं नसतंस. पण मीसुद्धा पोरीला एवढे दिवस झुरत ठेवायला नको होतं. तेवढं माझं चुकलं."

त्यांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. मी मागितलीही नाही. मागायची लाज वाटली.

 पोपटाकडे बघायचा मला धीर होत नव्हता. शेवटी बघितलं. ती रागावलेली नव्हती. गणित सोडवताना कपाळाला आठी पडते तशी पडली होती.

"म्हणजे मला आठवत होतं ते बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "अगदी बरोबर. अक्षर न् अक्षर."

"फरशी लाल होईल, असं तू म्हणाला होतास?"

"हो. म्हणालो होतो."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, बराच वेळ. मग ती मावशींकडे वळली.

"खरंच, मावशी?"

मावशी म्हणाल्या, "खरंच गं."

तेव्हा कुठे तिने ते खरं मानलं.